पान १८४

रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीन आठवडे झाले, खूण पान १८४ वरच आहे. खूण म्हणजे लाइटबिल. ते भरून झालं, पुढच्या महिन्याचं आलं, पण पुस्तक काही पुढे सरकलं नाही. एकूण पानं ४१२. मागच्या कव्हरवर छापलंय की एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही. मी तर ते परवा लोकलमध्ये विसरून उतरत होते. शेजारच्या बाईंनी 'अहो, पुस्तक राहिलं' म्हणून हाक मारली आणि खरं सांगते, मला त्यांचा जरा रागच आला.

नाव लिहीत नाही. लेखक नवा आहे, मेहनत दिसते. शिवाय मी रहस्यकथांवर वाढलेली. सहज सोडून देणाऱ्यातली नाही. म्हणूनच डोक्यात घोळतंय, याचं बिनसलं कुठे?

तसं सगळं आहे. पहिल्याच पानावर प्रेत. पुण्यातला बंगला, धो धो पाऊस, गेलेले लाइट. आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का. चौथ्याच्या शेवटी नायिकेच्या मोबाईलवर मेसेज येतो, ती वाचते आणि 'तिच्या पायाखालची जमीन सरकते'. प्रकरण संपलं. तीस पानांनी कळतं की मेसेज बँकेचा होता, खात्यात पैसे कमी आहेत म्हणून. सातव्याच्या शेवटी अंधारात दाराशी कोणीतरी उभं. कोण? इस्त्रीवाला! नवव्यात मागून तिच्या खांद्यावर हात पडला तेव्हा मी जांभई दिली. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट लेखकानं ऐकलीच नसेल असं कसं होईल?

त्याहून चीड आणणारी जागा पान १३० च्या आसपास आहे. इन्स्पेक्टर टेबलावरचा फोटो उचलतो, पाहतो, 'त्याच्या सगळं लक्षात येतं' आणि तो गालातल्या गालात हसतो. फोटोत काय होतं? ते आपल्याला सांगायचं नाही. अरे, इतका वेळ मी त्याच्याच डोक्यात बसून सगळं बघतेय ना? मग एकदम दार का लावून घेतलंस? रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता, स्वतः रहस्यकथाही लिहायचा. त्यानं १९२९ साली अशा कथांचे दहा नियम मांडले. अर्धेअधिक थट्टेचेच, पण एक पक्का आहे: गुप्तहेराच्या हाती जो धागा लागेल तो तिथल्या तिथे वाचकालाही दाखवायचा. रहस्य वेगळं आणि लपवाछपवी वेगळी.

मग ती जीप. संध्याकाळी साडेसहाला डेक्कनहून निघते आणि पंधरा मिनिटांत हिंजवडीला पोचते. तेही पावसात! माझा भाऊ तिकडेच नोकरीला आहे. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, 'ताई, हा खून-बिन राहू दे, आधी तो रस्ता विचार त्यांना.' हसलो आम्ही, पण तिथेच माझा विश्वास उडाला. जीप खोटी निघाली की प्रेतही खोटं वाटायला लागतं.

आज दुपारी उतारा म्हणून फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी पुन्हा काढली. १९७१ ची. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी 'जॅकल' असं टोपणनाव घेतलेल्या एका इंग्रज मारेकऱ्याला दिली जाते. आता गंमत बघा, द गॉल १९७० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या घरी वारले, ७९ व्या वर्षी. म्हणजे पुस्तक बाजारात आलं तेव्हा कट फसणार हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. काही प्रकाशकांनी याच कारणासाठी हस्तलिखित परत केलं होतं. तरी मी आज तिसऱ्यांदा वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले.

तो माणूस कब्रस्तानात हिंडून लहानपणीच गेलेल्या, जगला असता तर आज आपल्याच वयाचा असता अशा मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो, त्यावर पासपोर्ट मिळवतो. कुबडीच्या नळ्यांत मावेल अशी बंदूक बनवून घेतो. रानात जाऊन टांगलेल्या फळावर नेम जुळवतो. लेखक काहीही लपवत नाही, उलट एकेक गोष्ट हातात देतो. आणि आपण इतके गुंततो की नाक्यावर पोलीस दिसला की मारेकऱ्यासाठीच पोटात गोळा येतो. लाज वाटते, पण येतो.

खुनी कोण हे आधी कळलं म्हणून मजा जाते, हेही मला कधी पटलेलं नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात अर्नाळकरांच्या झुंझारपासून सगळ्या रहस्यकथांची चळत असायची, बोटं लावून लावून कोपरे काळे झालेली. त्यातल्या एकीत बाराव्या पानावर कुणीतरी आगाऊ माणसानं पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: 'खुनी = मामा'. तोच तो मामा, जो भाचीला रोज गजरा आणून द्यायचा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. ती गजरा माळून त्याच्या सायकलवर डबलसीट बसते ते पान वाचताना 'नको गं जाऊस' असं मी मोठ्यानं म्हणाले होते. आई आतून ओरडली, कोणाशी बोलतेस म्हणून.

आईवरून आठवलं. काल तिनं हे नवं पुस्तक चाळलं. चष्मा वर करून म्हणाली, 'ही मेलेली बाई कोण गं? तिचं मागे कोणी नाही का?' मी सांगायला गेले आणि मला सांगताच येईना. नवरा आहे, एक बहीण आहे, पण १८४ पानांत कोणी रडलेलं नाही. तिचा चहाचा कप कोणी उचललेला नाही. इन्स्पेक्टरच्या घटस्फोटावर मात्र तीन पानं आहेत.

उद्या पुस्तक वाचनालयात परत करणार. मघाशी काय सुचलं कोण जाणे, पेन्सिल घेऊन पान १२ उघडलं. 'खुनी =' इतकं लिहिलं आणि थांबले. खुनी कोण ते मला तरी कुठे माहीत होतं! शेवटचं पान उघडून बघता आलं असतं. पण तेवढाही उत्साह वाटेना. खोडून टाकलं.