एका गुणासाठी मॉन्ट्रियल

टोरांटो हे मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचं गाव. तिथल्या युनियन स्टेशनवर प्रतिस्पर्धी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची लाल जर्सी घालून उभं राहायला थोडी छाती लागते. 14 एप्रिल 2025, सोमवार. सकाळच्या गाडीच्या रांगेत माझ्यासारखे अजून तिघे लाल दिसले आणि बरं वाटलं. ओळख नाही, पाळख नाही, तरी चौघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. आज रात्री सात वाजता शिकागोविरुद्ध सामना. जिंकलो की प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, पक्की.

मी मूळची खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, गवत आणि काठ्यांचा खडखडाट. बर्फावरची हॉकी मी पहिल्यांदा पाहिली ती मॉन्ट्रियलला शिकायला आले तेव्हा. व्हर्डनमध्ये ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते त्या मादामच्या सोफ्यावर, फ्रेंच समालोचनातलं एक अक्षर कळत नसताना. पक, म्हणजे रबराची ती चकती, इतका लहान आणि इतका वेगात की पहिला महिनाभर मला गोल झाल्याचं फक्त मादामच्या ओरडण्यावरून कळायचं. आता नोकरीमुळे मिसिसागाला असते, पण संघ बदलत नसतो.

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी. एनएचएल या लीगमध्ये 32 संघ, त्या मोसमात प्रत्येकाचे 82 सामने, आणि प्लेऑफला जातात 16. जिंकलं की दोन गुण. साठ मिनिटांत हरलं तर शून्य. पण साठ मिनिटं बरोबरीत काढून नंतर जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये, म्हणजे गोलरक्षकासमोर एकेकट्याने मारायच्या फटक्यांत, हरलं, तर एक गुण मिळतो. एप्रिलमध्ये सगळा जीव या एका गुणात अडकलेला असतो.

आमच्या संघाकडून यंदा कुणाची फार अपेक्षा नव्हती. 2021 ला अंतिम फेरी गाठली आणि त्यानंतर सलग तीन वर्षं प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. या फेब्रुवारीत मधली सुट्टी लागली तेव्हा 56 सामन्यांत 25 विजय होते. लोक पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू लागले होते. मग काय झालं ते अजूनही नीट सांगता येत नाही. कर्णधार निक सुझुकी प्रत्येक सामन्यात आदल्या सामन्यापेक्षा मोठा वाटू लागला. लेन हटसन नावाचा पहिल्याच मोसमातला, चणीने लहान बचावपटू मोठ्या मोठ्या धिप्पाड लोकांना गोल फिरवू लागला. मार्चच्या शेवटापासून ओळीने सहा विजय आले. त्यात गतविजेत्या फ्लोरिडाला दोनदा हरवलं. आणि मग गाडी अडली. ओटावात हार, टोरांटोत जादा वेळेत 0–1 ने हार. त्या शनिवारी रात्री मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली.

गाडी साधारण साडेपाच तास घेते. ऑन्टारिओ सरोवर उजवीकडे येतं-जातं, किंग्स्टननंतर शेतं आणि अजून पानं न फुटलेली झाडं. एप्रिल अर्धा झाला तरी सावलीत बर्फाचे मळकट ढीग उरलेले. मी सगळा वेळ गुणतालिका पाहत होते. आमचे 88. प्लेऑफच्या शेवटच्या जागेसाठी मागे कोलंबस, 85, हातात दोन सामने.

बेल सेंटरबद्दल किती लिहू? 21 हजारांहून जास्त माणसं बसतात. छताला 24 स्टॅनली कपांचे, म्हणजे लीगच्या विजेतेपदांचे झेंडे, शेवटचा 1993 चा. बाहेर रिशार, बेलिव्हो, लाफ्लर या संघाच्या जुन्या दिग्गजांचे पुतळे. त्या संध्याकाळी मात्र जो तो एकाच पोराबद्दल बोलत होता. इव्हान डेमिडोव्ह, वय 19, चारच दिवसांपूर्वी रशियाहून आलेला, आज पहिला सामना. मी अगदी वरच्या रांगेत होते. तिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात, पण रचना दिसते, आणि मला ती जागा आवडते. पहिल्याच पिरियडमध्ये डेमिडोव्हने न्यूहूकला गोल करून दिला आणि मग स्वतः एक मारला. त्या गोलनंतरचा आवाज कानांनी ऐकू येत नव्हता, खुर्चीतून पाठीत शिरत होता. शेजारचे एक आजोबा फ्रेंचमध्ये काहीतरी बोलत माझा हात धरून उभे होते. मीही मराठीत बोलत होते. दोघांना सगळं कळलं.

आणि तरी आम्ही हरलो. शिकागो तालिकेच्या तळाजवळचा संघ. शूटआउटमध्ये 3–4. एक गुण मिळाला, 89 झाले, पण पक्कं झालं नाही. 21 हजार माणसं जिना उतरताना इतकी गप्प असू शकतात हे मला त्या रात्री कळलं. मेट्रोत एक लहान मुलगा बापाला विचारत होता, बुधवारी कोण आहे? कॅरोलायना. मी फलाटावरूनच साहेबांना निरोप पाठवला, अजून दोन दिवस रजा हवी.

मादाम आता 78 वर्षांची आहे. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "जेवलीस का, मा बेल?" मग दहा मिनिटं शूटआउटबद्दल. तिने 1976 ते 79 चे ओळीने चार कप पाहिलेत, तिची निराशा माझ्यापेक्षा पोक्त असते.

मंगळवारी ती मला सेंट जोसेफ ऑरेटरी या मोठ्या चर्चला घेऊन गेली. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा चालू होता, गर्दी होती. खालून वरपर्यंत 283 पायऱ्या. त्यातल्या मधल्या 99 लाकडी पायऱ्या फक्त गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखलेल्या. जेजुरीच्या पायऱ्या लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून चढले होते, त्यांची आठवण आली. एक बाई प्रत्येक पायरीवर थांबून ओठ हलवत वर सरकत होती. मी मादामला विचारलं, हॉकीसाठी कुणी असं चढतं का? म्हणाली, चढणारे आहेत. ती स्वतः एकदाच चढली होती, नवऱ्याच्या आजारपणात. "हॉकीसाठी मी मागत नाही. देवाला दोन्ही संघांची माणसं सारखीच." आम्ही बाजूच्या दगडी पायऱ्यांनी वर गेलो, तिच्या वेगाने, मध्ये चार वेळा बसत.

हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्या रात्री कोलंबसचा सामना होता आणि ते हरायला हवे होते. पण त्या संघाविरुद्ध मनात आणू तरी काय? मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये, त्यांचा जॉनी गॉड्रो भावासोबत सायकल चालवत असताना गाडीने उडवला. दोघेही गेले. कोलंबसने त्याची 13 नंबरची जर्सी वर्षभर ड्रेसिंग रूममध्ये लावून ठेवली आणि त्या दुःखातून उठून हा संघ शेवटच्या आठवड्यात एकही सामना हरायला तयार नव्हता. मंगळवारी त्यांनी फिलाडेल्फियालाही हरवलं. 87. एक सामना हातात. मादामने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "चांगली पोरं आहेत." मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. एवढंच वाटलं की आता उद्या आपल्यालाच करायचं आहे.

बुधवारी सकाळी जुन्या फोरमकडे चक्कर मारली. 1926 ते 1996 संघ इथे खेळला. आता आत सिनेमागृह आहे. मार्च 1955 मध्ये, असाच मोसम संपत आलेला असताना, मॉरिस रिशारला उरलेल्या सगळ्या सामन्यांसाठी बाहेर काढलं, आणि इथूनच निघालेली दंगल सेंट कॅथरीन रस्त्याने पसरत गेली. फ्रेंच बोलणाऱ्या कामगार माणसांचा हिरो लीगच्या इंग्रजी बोलणाऱ्या अध्यक्षाने बाद केला, असा तो राग होता. इथे हॉकी भाषेइतकी जवळची का आहे, हे मला या फुटपाथवर उभं राहिल्यावर जास्त कळतं.

बुधवारचं तिकीट माझ्या ऐपतीबाहेर गेलं होतं. मी पहिल्यांदा हॉकी पाहिली त्याच सोफ्यावर बसले. मादामने मटारचं सूप केलं होतं, मी खिचडी टाकली. सामन्याचं सविस्तर वर्णन मी करणार नाही, कारण अर्धा वेळ मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी सोफ्यावर बसले की पक आपल्या गोलकडे येतो असं मला वाटू लागलं होतं, आणि मादामनेही मला बस म्हटलं नाही. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं. बोटं गार होती. 4–2. भोंगा वाजला तेव्हा ती ओरडली नाही, डोळे पुसले आणि फ्रेंचमध्ये हळूच म्हणाली, "झालं."

खाली वेलिंग्टन रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. आम्ही कोट घालून दारात जाऊन उभ्या राहिलो. समोरच्या बाल्कनीतून कुणी भांडं वाजवत होतं. पुढच्या सोमवारी वॉशिंग्टन, म्हणजे ओवेच्किन, ज्याने दहा दिवसांपूर्वी ग्रेट्स्कीचा गोलांचा विक्रम मोडला होता. त्या क्षणी कुणालाच त्याची भीती वाटत नव्हती.

खडकीत सकाळ झाली होती. आईला फोन लावला. तिला बर्फावरची हॉकी अजून पटलेली नाही, पण या आठवड्यात रोज विचारत होती.

"मिळाला का गं तुझा तो एक गुण?"

"दोन मिळाले, आई."

"बरं झालं. त्या बाईंना नमस्कार सांग माझा."

मी सांगितला. मादामने फोन माझ्या हातातून घेतला आणि आईशी फ्रेंचमध्ये बोलू लागली.