तुम्ही विचारलंत म्हणून : एक्सए घेऊ की एक्सए-टू?

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी फिरताना मी खिशातून कॅमेरा काढला की बाजूच्या बाकावरचं कोणीतरी हमखास विचारतं, ताई, हा रोलवाला आहे ना? आणि मग पाच मिनिटांत मोबाईल पुढे होतो, त्यात दोन जाहिराती उघडलेल्या असतात, एक ऑलिंपस एक्सए आणि एक ऑलिंपस एक्सए-टू, दोन्ही काळे, दोन्ही साबणाच्या वडीएवढे, दोन्हींना तेच सरकणारं कव्हर, आणि किंमत मात्र एकाची जवळजवळ दुसऱ्याच्या दुप्पट. नक्की फरक काय आहे, आणि घेऊ कुठला?

आधी उत्तर देऊन टाकते. पहिलाच फिल्म कॅमेरा असेल तर एक्सए-टू घ्या. पण का ते सांगायला मला आजीच्या रोलबद्दल सांगावं लागेल, कारण माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही मी त्या एका रोलमुळेच शिकले.

नौपाड्यात आमच्या आजीचं जुनं घर आहे, तळमजल्यावर, पुढे गॅलरी, गॅलरीच्या कठड्याला लागून तुळस. आजी दुपारी त्या गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसते, लसूण सोलते नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. मी तेव्हा नुकताच फोर्टातून एक्सए-टू आणला होता आणि ठरवलं होतं की पहिला रोल पूर्ण आजीचा. सव्वा मीटरवर बसून, तिच्या सुरकुत्या दिसतील, नथीच्या जागेचं भोक दिसेल इतक्या जवळून अकरा फोटो काढले. रोल धुऊन, स्कॅन होऊन आला तेव्हा अकराच्या अकरा फोटोंत आजी धूसर आणि तिच्या मागची तुळस मात्र पानन् पान मोजावं इतकी स्पष्ट. मी स्कॅन मोठे करून करून बघत होते, वाटत होतं लेन्सच खराब निघाली.

लेन्स उत्तम होती. झालं असं होतं की एक्सए-टूला फोकस करायला तीन खुणा असतात, एका माणसाचं चित्र, उभ्या घोळक्याचं चित्र आणि डोंगर. लेन्सच्या बाजूची छोटी पट्टी सरकवून तुम्ही अंदाजाने सांगायचं, माणूस जवळ आहे, मध्ये आहे की लांब. आणि कव्हर बंद केलंत की ती पट्टी आपोआप मधल्या खुणेवर परत येते. मी पहिल्या फोटोआधी ती जवळच्या खुणेवर नेऊन बघितली होती, मग आजी उठून पाणी प्यायली, मी कव्हर बंद केलं, पुन्हा उघडलं आणि क्लिक करत सुटले. सावलीतला उजेड, म्हणजे कॅमेऱ्याने लेन्स पूर्ण उघडली, एफ ३.५ (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आणि मधल्या खुणेला एफ ३.५ वर सव्वा मीटरवरचा चेहरा बसतच नाही. मागची तुळस अडीच-तीन मीटरवर होती, ती बरोब्बर बसली.

हे कव्हर बंद केल्यावर मध्यावर येणं ज्याने केलं त्याने पूर्ण विचार करून केलंय हे मला नंतर कळलं. एक्सए १९७९ चा, योशिहिसा मैतानी नावाच्या ऑलिंपसच्या इंजिनिअरने डिझाइन केलेला, ज्याने त्याआधी १९५९ मध्ये पेन हा हाफ-फ्रेम, म्हणजे एका रोलवर दुप्पट फोटो काढणारा कॅमेरा केला होता आणि मग, एक्सएच्या आधीच, ओएम-वन. त्याला असा कॅमेरा हवा होता ज्याला चामड्याची केस नको, लेन्सला टोपी नको, खिशात टाकला की झालं, म्हणून ते सरकणारं कव्हर. पुढच्याच वर्षी, १९८० ला, एक्सए-टू आला, ज्यात आणखी सोपं केलं, कव्हर उघडा आणि दाबा. उन्हात लेन्स बरीच बारीक होते, त्यामुळे मधल्या खुणेवर दोन-अडीच मीटरच्या पुढचं बरंचसं जग नीट येतं. रस्त्यावर, सहलीत, लग्नाच्या मांडवात माणसं त्याच अंतरावर असतात. आजी नव्हती, एवढंच.

मग मी एक्सए शोधायला लागले, कारण वाचलं होतं की त्यात रेंजफाइंडर आहे. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये मध्यभागी एक पिवळसर चौकोन दिसतो, त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सखालची दांडी सरकवत त्या दोन एकावर एक आणायच्या की फोकस झाला. ०.८५ मीटरपर्यंत जवळ जाता येतं. शिवाय अॅपर्चर, म्हणजे लेन्स किती उघडायची ते, तुम्ही ठरवायचं, एफ २.८ ते २२, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो आणि आत एक सुई तो वेग दाखवते, १० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. लेन्समध्ये सहा काचा, एक्सए-टूच्या लेन्समध्ये चार. इंटरनेटवर जे एक्सएचं कौतुक वाचता ते बहुतेक या काचांचं आणि एफ २.८ चं असतं, आणि तिथेच मला वाटतं लोक फसतात. कारण २.८ आणि ३.५ मध्ये उजेडाचा फरक जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), शटरला १/२० ऐवजी १/३० मिळेल, बस. आणि २.८ वर एक्सएचे चारही कोपरे चांगलेच काळवंडतात, म्हणून तुम्ही शेवटी ४ किंवा ५.६ वरच येता. त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. द्यायचेच असतील तर त्या पिवळ्या चौकोनासाठी द्या.

आणि तो चौकोन दिसतोय का हे आधी बघा! चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे कॅमेरे आहेत हे, त्यातला चौकोन फिका होत जातो. मी डोंबिवलीच्या एका काकांकडून घेतला, त्यांनी गोखले रोडला एका चहाच्या दुकानात भेटायला बोलावलं होतं, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये मला चौकोन दिसेचना. बाहेर येऊन समोरच्या बोर्डावरच्या अक्षरांवर धरला तेव्हा अगदी पुसट दिसला. मी तरी घेतला, कारण एक उपाय माहीत होता, व्ह्यूफाइंडरच्या बाहेरच्या काचेवर बरोब्बर मध्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, चिकटवायचा, म्हणजे त्या जागी मागचा उजेड अडतो आणि चौकोनातली दुसरी प्रतिमा उठून दिसते. तो टेप आजही तिथेच आहे.

एक्सए घेऊन मी परत आजीकडे गेले. तीच खुर्ची, तेच दार. आता दाराकडून उजेड तिच्या मागून येत होता, तर एक्सएच्या तळाला एक दांडी असते, ती +१.५ वर सरकवली की कॅमेरा दीड स्टॉप जास्त उजेड घेतो, म्हणजे चेहरा काळा पडत नाही. (एक्सए-टूत ही सोय नाही, तिथे आयएसओची, म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगायची, पट्टी ४०० वरून १०० वर आणायची, आणि फोटो झाल्यावर परत न्यायला विसरायचं नाही.) सगळं नीट केलं. चौकोन जुळवला, सुई बघितली, श्वास रोखला. फोटो आले, सगळे नीट फोकसमध्ये, पापण्यासुद्धा मोजाव्यात. पण प्रत्येक फोटोत आजी थांबलेली आहे. तिला कळत होतं मी काहीतरी जुळवतेय, ती हातातला लसूण खाली ठेवून, पदर सारखा करून, झालं का गं, अशा चेहऱ्याने बघत होती. तीन-चार सेकंद लागतात हो त्या चौकोनाला, पुसट असेल तर जास्तच.

दोन्ही रोलचे प्रिंट मी तिला नेऊन दिले. तिने एकच बाजूला काढून ठेवला, आणि तो पहिल्या रोलमधला, एक्सए-टूचा होता, जवळून काढलेल्या अकरातला नव्हे, तर निघताना फाटकातून सहज मागे वळून काढलेला. ती कोणाला तरी हाक मारतेय, तोंड उघडं, हात वर, बाजूला तुळस, वर वाळत घातलेलं लुगडं. तीन मीटर असेल. मी काहीच जुळवलं नव्हतं, कव्हर उघडलं आणि दाबलं.

म्हणून माझं उत्तर एक्सए-टू. तुम्ही जर घरातल्या माणसांचे, कमी उजेडात, हात पोचेल इतक्या जवळून फोटो काढणार असाल आणि समोरचा माणूस थांबायला तयार असेल, तर एक्सए, आणि मग पैशांची कुरकुर करू नका, ते काम एक्सए-टू करणारच नाही. बाकी सगळ्याला एक्सए-टू. पाडव्याच्या स्वागतयात्रेत कोपिनेश्वराची पालखी निघते, पुढे लेझीम, ढोल, फेटे बांधलेल्या मुली बुलेटवर, त्या गर्दीत मी चौकोन जुळवायचा प्रयत्न एक वर्ष केला आणि सोडून दिला. आता एक्सए-टू नेते, आयएसओ २०० चा रोल, मधली खूण. मोटर नाही, अंगठ्याने चाक फिरवून रोल पुढे घ्यायचा, आवाज जवळजवळ नाहीच, कोणी वळून बघत नाही.

कोणी म्हणेल, एक्सएलाही तसं वापरता येतं. येतं, आणि मैतानींच्या लोकांनी त्याची सोयही केलीय, एफ ५.६ आणि ३ मीटर या दोन खुणा केशरी रंगात आहेत, दोन्ही तिथे ठेवल्या की साधारण दोन ते पाच मीटरमधलं सगळं नीट येतं. मी स्वतः एक्सए निम्मा वेळ तसाच वापरते. पण मग निम्मा वेळ तुम्ही दुप्पट किमतीचा एक्सए-टूच वापरताय.

तिसरा प्रश्न असतो, ऑलिंपसचेच म्यू किंवा म्यू-टू का नको, कारण रील्समध्ये तेच दिसतात. म्यू १९९१ चा, म्यू-टू १९९७ चा, दोन्ही ऑटोफोकस, दोन्ही खरंच सुंदर, म्यू-टू तर ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो. पण आतून पूर्ण इलेक्ट्रॉनिक, बंद पडला तर दुरुस्त करणारा माणूस शोधत बसा. आणि तुमच्यापैकी बरेच जण स्वस्त पडतो म्हणून मोठ्या रिळातून कापून भरलेला रोल घेता, त्याच्या डबीवर बऱ्याचदा चौकटी-चौकटींचा डीएक्स कोड नसतो. म्यू तो कोड वाचूनच आयएसओ ठरवतो, कोड नसला की १०० धरतो, म्हणजे ४०० चा रोल दोन स्टॉप जास्त उजेडात जाणार. एक्सए, एक्सए-टूला आयएसओ हाताने लावायचा, त्यामुळे कुठलाही रोल चालतो. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून आता हजाराच्या पुढे जातं, तर हे लहान प्रकरण नाही.

आता घेताना बघायचं काय. जाहिरातीत मॉडेल बघता तेवढाच वेळ समोरच्या पीसला द्या, खराब एक्सएपेक्षा चांगला एक्सए-टू कधीही बरा. स्वतःचे दोन बटणासारखे सेल घेऊन जा, एसआर-४४, घड्याळवाल्याकडे मिळतात, एलआर-४४ स्वस्त असतात पण त्यांचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो. तळाची दांडी चेकच्या खुणेवर न्या, लाल दिवा लागून बीप आला पाहिजे. मागचं झाकण उघडा, कडेच्या खाचेतल्या काळ्या फोमवर बोट फिरवा, बोटाला डांबरासारखं चिकटलं तर तो फोम गेलाय, फोटोंवर केशरी पट्टे येतील, पण ते बदलता येतं, भावात धरा. मग महत्त्वाचं, झाकण उघडंच ठेवून लेन्सशेजारच्या मीटरच्या खिडकीवर बोट ठेवा आणि बटण दाबा, कॅमेऱ्याला अंधार वाटेल आणि शटर लांब उघडं राहील, एक्सए-टूत दोन सेकंदांपर्यंत, तेवढ्यात समोरून मोबाईलचा टॉर्च मारून मागून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. तो कॅमेरा नमस्कार करून परत द्या, भाव कितीही पाडला तरी.

आणि घेतल्यावर ती तुमच्या घरी होऊ देऊ नका. आपण खाडीकाठी राहतो, जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते तिथे लेन्सची काय कथा. विकणारा कौतुकाने चामड्याची केस देतो, ती घ्या पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची मूठभर पुरचुंडी, रंग बदलला की खडे एका टाकाऊ तव्यावर गरम करून परत आत. आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, आत फुटले तर खाच गंजते.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर विकत घ्यायच्या आधी माझा एक्सए-टू एक रोल वापरून बघा. रविवारी सहाच्या सुमारास मी मासुंदा तलावाच्या कोपिनेश्वराकडच्या बाजूला असते, दोन्ही कॅमेरे बरोबर असतात. रोल तुमचा तुम्ही आणा, आणि जवळच्या माणसाचा फोटो काढताना पट्टी कुठे आहे ते दर वेळी बघा.