मेलबर्नचा बहुभाषी रेडिओ आणि सोलापूर

पूर्व भागातली तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड, मोहल्ल्यांतली दखनी आणि सगळीकडची मराठी ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला अनेक भाषांत बोलणाऱ्या रेडिओ केंद्राचे नवल वाटू नये. तरीही मेलबर्नचा इतिहास मला विचार करायला लावतो.

ऑस्ट्रेलियात जून १९७५ मध्ये सिडनीत ‘२ईए’ आणि मेलबर्नमध्ये ‘३ईए’ ही केंद्रे सुरू झाली, ती काही भाषाप्रेमापोटी नव्हे. जुलैपासून लागू होणारी मेडिबँक ही आरोग्यविमा योजना इंग्रजी न जाणणाऱ्या स्थलांतरितांना समजावून सांगण्याची ती सोय होती. त्याच वर्षी एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने मेलबर्नमध्ये ‘३झेडझेड’ उघडले आणि तेथे माईक थेट लोकांच्या हाती दिला. सरकारने लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे वेगळे आणि लोकांनी स्वतः बोलणे वेगळे. दुसरा प्रकार कोणत्याही सरकारला फार काळ मानवत नाही, असे माझे मत आहे. १९७७ मध्ये, विरोध होऊनही, पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारच्या काळात ते केंद्र बंद झाले. पुढे १९८९ मध्ये ‘३झेडझेडझेड’ आले (नावात एक झेड वाढला, आणि मालकही बदलला). हे केंद्र भाषिक समाजांचे स्वतःचे आहे. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर तेथे साठहून अधिक भाषांतले कार्यक्रम होतात.

आपल्याकडे रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची दारे उघडली आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हावेत, अशी अट घातली. सोलापुरात असे केंद्र निघाले, तर त्याचा पहिला श्रोतृवर्ग मला घरी विड्या वळणाऱ्या तेलुगूभाषक बायकांत दिसतो, कारण त्यांचे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. यंत्रमागाच्या खडखडाटात मात्र कोणतीच भाषा ऐकू येणार नाही. वेळेची वाटणी लोकसंख्येवर न करता, जो गट माणसे आणि वर्गणी उभी करील त्याला तास मिळावा, हे मला अधिक न्याय्य वाटते. अडचण आहे ती पल्ल्याची. शंभर वॉटच्या प्रक्षेपकाचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच जातो, त्यामुळे शहरातल्या आणि लगतच्या गावांतल्या कन्नडभाषकांची सोय होईल, पण अक्कलकोटला स्वतःचे वेगळे केंद्र काढावे लागेल.