फियाटच्या मापाचं गॅरेज

घरं आवरून द्यायचा माझा व्यवसाय आहे. माळे, स्वयंपाकघरं, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या खोल्या हे नेहमीचं. पुण्यात सहकारनगरच्या एका बंगल्यातलं गॅरेज मात्र भांडणासकट माझ्याकडे आलं. मुलाची नवी एसयूव्ही रस्त्यावर उभी राहायची, म्हणून त्याला गॅरेज रिकामं हवं होतं. त्याच्या वडिलांचं, म्हणजे काकांचं म्हणणं, "यातलं काहीही टाकाऊ नाही."

शटर वर केलं. तांब्याचा बंब, लोखंडी कॉट, उरलेल्या शहाबादी फरश्या, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि या सगळ्याच्या मधोमध काकांची बजाज चेतक.

सामानाला हात लावायच्या आधी मी टेप काढते. (लोक आधी प्लॅस्टिकचे डबे विकत आणतात, मग त्या डब्यांचाच पसारा होतो.) आतली रुंदी भरली ८ फूट. गॅरेज बांधलं तेव्हा घरात फियाट होती, जेमतेम पावणेपाच फूट रुंद. आजची मध्यम आकाराची एसयूव्ही आरसे सोडून सहा फुटांच्या आसपास जाते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून दोन फूट. गाडी आत जाईल, पण चालवणारा बाहेर कसा येणार? मुलानं स्वतः टेप धरून पुन्हा मोजलं.

काका जिंकल्यासारखे हसले. ते फार टिकलं नाही, कारण काकू म्हणाल्या, "मग मला द्या की ही जागा." काकू शिवणाचे क्लास घ्यायच्या. गुडघ्यांनी जिना बंद केला, तसं वरच्या मजल्यावरचं मशीनही बंद पडलं होतं.

कशासाठी आवरायचं ते ठरलं की हात भराभर चालतात. सगळं अंगणात काढलं. पुठ्ठ्याचे खोके थेट जमिनीला टेकलेले होते. दिवाळी अंकांचा गठ्ठा उचलला, तर वरचे चार-पाच अंक हातात आले आणि खाली वाळवीची माती. काकांनी तेव्हा पहिल्यांदा "न्या" म्हटलं. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून त्या न फोडता ई-कचऱ्यात वेगळ्या काढल्या. बॅटरी दुकानदाराकडे परत गेली, नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे वळते झाले. बंब मोडीत घालायचा की घासून ठेवायचा, यावर मात्र दोन चहा झाले. राहिला.

स्लॉटेड अँगलचं रॅक मी एकच फूट खोल घेतलं, कारण खोल रॅकमध्ये मागचं सामान कायमचं विसरलं जातं. खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर. कटिंगचं टेबल शटरजवळ, उजेडात.

उरली चेतक. भंगारवाल्यानं दारातच भाव सांगितला, मी थांबवलं. नोंदणी रद्द न करता गाडी अशी देऊन टाकली, तर कागदोपत्री मालक काकाच राहतात. उद्या कुणी तिचा चासी नंबर भलत्याच गाडीवर लावला, तर विचारणा यांच्याकडे येईल. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की तिथलं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर आरटीओत नोंदणी रद्द करून घेता येते. त्यासाठी आरसी बुक लागतं.

"शोधायला पाहिजे," काका म्हणाले, फारच आनंदानं.

काकूंचे क्लास सुरू झाले आहेत, चेतक टेबलामागे उभी आहे. आरसी बुक अजून सापडलेलं नाही. काकू म्हणतात, ते काकांच्या कपाटात, वरच्याच खणात आहे.