आहेराची यादी आणि ८९६

गेल्या एप्रिलमध्ये खानापूरहून आत्याचा फोन आला. "बाळा, दादाच्या लग्नातल्या आहेराची यादी तूच कॉम्प्युटरात लिहिली होतीस न्हवं? नंदगडच्या पावण्यांच्या घरात लगीन हाय. त्यांनी आपल्याला काय आहेर केला होता, तेवढं बघून सांग की."

माझ्या आतेभावाचे लग्न १९९७ च्या मे महिन्यात बेळगावात झाले. आहेर लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि लग्नानंतरच्या आठवड्यात मी ती वही हौसेने संगणकावर उतरवून काढली होती. छापलेली प्रत आत्याच्या ट्रंकेत होती, ती वाळवीने खाल्ली. खानापूरच्या पावसात कागद टिकवणे ही मोठीच जिकिरीची गोष्ट असते. आमच्याकडे आहेराची यादी म्हणजे घराण्याचा जमाखर्च असतो, कारण ज्यांनी जे केले ते त्यांच्या घरच्या कार्यात सव्याज परत करायचे, ही रीत अजून कोणी मोडलेली नाही. त्यामुळे "शोधतो" असे म्हणून मी फोन ठेवला, तेव्हा आपण काहीतरी फार महत्त्वाचे कबूल केले आहे याची मला पूर्ण कल्पना होती.

ज्या यंत्रावर ती यादी लिहिली, ते ४८६ जातीचे, ६६ मेगाहर्ट्झचे जुने यंत्र टिळकवाडीतल्या माझ्या माळ्यावर अजून आहे. पण त्याच्या मदरबोर्डावर डाख लावून बसवलेली तारीख-वेळेची बॅटरी कधीतरी पाझरली आणि तिच्यातल्या क्षाराने आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा हिरव्या करून खाऊन टाकल्या. हार्ड डिस्क तर त्याच्याही आधी गेली. उरली होती एक साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यावर निळ्या बॉलपेनने "बेळगाव, लग्न, आहेर" असे लिहिलेले होते.

या फ्लॉपीला आपण १.४४ मेगाबाइटची म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या दोन बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट, असे मिळून १४,७४,५६० बाइट मावतात. मी तिचे पत्र्याचे झाकण सरकवून पाहिले, तर आतल्या तपकिरी चकतीवर पांढऱ्या बुरशीचे बारीक ठिपके उठले होते. बुरशी तशीच ठेवून फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली, तर वाचणारे डोके खराब होते आणि चकतीवर कायमचा ओरखडा उठतो. म्हणून कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, मधला धातूचा गड्डा बोटाने थोडा थोडा फिरवत, मी दोन्ही बाजू पुसून काढल्या. एका संध्याकाळी हे काम आटोपले नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा बसावे लागले.

त्यानंतर चकतीची कप्प्यागणिक नक्कल उतरवून घेतली. २,८८० कप्प्यांपैकी ११ वाचता आले नाहीत, आणि त्यांतला एक नेमका सुरुवातीच्या कोष्टकातला होता. कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत पसरलेली आहे, याचा हिशेब या कोष्टकात असतो. मात्र डॉस या त्या काळच्या संगणक-प्रणालीच्या रचनेत या कोष्टकाच्या दोन प्रती एकापाठोपाठ एक लिहून ठेवतात, आणि दुसरी प्रत शाबूत होती. कधीतरी कोणाची तरी चकती बिघडेल, हे गृहीत धरून ज्यांनी नऊ कप्प्यांची जागा खर्ची घातली, त्यांच्याविषयी त्या दिवशी मला मनापासून कृतज्ञता वाटली. यादीची फाइल पूर्ण मिळाली.

फाइल मिळाली, पण वाचता येईना. उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वरचिन्हे आणि चलनांच्या खुणा यांचा नुसता खिचडा दिसत होता. त्या काळात विंडोजवर मराठी लिहायचे म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेला फॉन्ट वापरायचा. प्रत्येक फॉन्ट विकणाऱ्याची मांडणी वेगळी असे. मी वापरलेला संच तर प्रिंटरच्या पोर्टला एक कुलूप-डबी लावल्याशिवाय चालत नसे, आणि आजच्या संगणकांना तो पोर्टच नसतो. पैसे मोजून घेतलेल्या साधनाने लिहिलेला स्वतःचाच मजकूर आपल्याला परका व्हावा, याचे मला तेव्हा कळले नव्हते एवढे वाईट आता वाटले.

फ्लॉपीवर फॉन्टची फाइलही होती, म्हणून निभावले. एका बाइटात २५६ जागा असतात. पहिल्या ३२ सोडल्या, तर मराठीची सगळी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा उरलेल्या २२४ जागांत कोंबायच्या. मग काटकसर म्हणून 'ग' अख्खा न ठेवता अर्धा 'ग' आणि काना असे वेगळे ठेवत. अर्ध्या 'ग'नंतर एक काना आला तर 'ग', दोन आले तर 'गा'. मी दोनशे पानी वहीत सगळ्या जागांचा तक्ता हाताने मांडला. खरी अडचण क्रमाची होती. फॉन्टात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत, त्यामुळे 'निपाणी' या शब्दात वेलांटी आधी आणि 'न' नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना वेगवेगळे अंक देणाऱ्या आजच्या मांडणीत, आपण बोलतो त्या क्रमाने, आधी 'न' आणि मग वेलांटी. रफाराचे तर याच्या उलट. तो फॉन्टात अक्षराच्या आणि काना-मात्रेच्याही मागे असतो, म्हणून सरळ बदल करत गेले की 'कार्यालय'चे 'कायार्लय' होते. जुन्या मजकुरावरून घाईने चढवलेल्या कित्येक मराठी पानांवर ही चूक आजही दिसते, आणि दिसली की मला राहवत नाही. वेलांटी संपूर्ण जोडाक्षराच्या नंतर नेणे, रफार संपूर्ण जोडाक्षराच्या आधी आणणे, एवढ्या दोन नियमांसाठी मला चार रात्री लागल्या.

यादी वाचता येऊ लागली, तेव्हा आत्याने दुसरे काम सांगितले. तिची नजर आता अधू झाली आहे आणि घरचा सगळा व्यवहार वहिनी पाहतात. वहिनी धारवाडकडच्या. मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलतात, पण शाळा कन्नडमधली, त्यामुळे देवनागरी वाचताना त्यांना दम लागतो. "तिला वाचता येईल असं करून दे," एवढेच आत्या म्हणाली.

१९९३ च्या सुमारास एका छापखान्यात मी भारतीय लिप्या लिहू देणारे 'जिस्ट' कार्ड बसवलेला संगणक पहिल्यांदा पाहिला होता. हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये जन्मले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढले. तिथल्या कारागिराने माझ्यासमोर मराठीतली एक ओळ लिहिली आणि एक कळ दाबली, तर तीच ओळ कन्नड लिपीत उभी राहिली. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे, तेव्हा 'क'ला सगळीकडे एकच अंक द्यावा, असा त्यामागचा विचार होता. तो 'इस्की' नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. युनिकोडने त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून भारतीय लिप्यांची मांडणी उचलली, म्हणून तिथे लिप्या वेगवेगळ्या असल्या तरी घरांचा क्रम बहुतांशी तोच राहिला. देवनागरी 'क' २३२५ वर आहे, कन्नड 'क' ३२२१ वर. फरक ८९६. 'ख', 'ग', 'ळ', काना, अनुस्वार, सगळीकडे तोच ८९६. ज्या भागात एकाच गल्लीत, कधी एकाच स्वयंपाकघरात दोन लिप्या नांदतात, तिथल्या माणसाला ही बेरीज केवढी आपली वाटते, हे मला नीट सांगता येणार नाही.

यादीतल्या प्रत्येक देवनागरी अक्षराला ८९६ मिळवणारा कार्यक्रम सहा ओळींत झाला. दोनच खुणांवर तो अडला. 'डॉक्टर'मधल्या 'ऑ'च्या खुणेला कन्नडमध्ये समोर घरच नाही, तिथे रिकामी चौकट आली. आणि "नवऱ्या मुलास भरपोशाख" यातला 'ऱ' गेला तो कन्नडच्या अशा एका जुन्या 'र'वर, जो आता रोजच्या लिहिण्यात राहिलेला नाही. वहिनी त्या अक्षरावर बोट ठेवून थांबल्या. हे अक्षर त्यांनी हळगन्नडच्या, म्हणजे जुन्या कन्नडच्या, धड्यात पाहिले होते, असे त्या म्हणाल्या, आणि पुढे अडखळल्याशिवाय "नवऱ्या" असेच वाचले.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आम्ही खानापूरच्या सोप्यात बसलो होतो. वहिनी कन्नड लिपीतली यादी मराठीत वाचत होत्या आणि आत्या डोळे मिटून ऐकत होती. निपाणीकडून टोपी-टॉवेल आणि १०१ रुपये. कोणाची भिंतीवरची घड्याळे, एकूण सात. बिडी गावच्या नोंदीतल्या रिकाम्या चौकटीवर वहिनी थबकल्या, तर आत्याच म्हणाली, "डाक्टर. स्टीलचा डबा दिलेला." तसेच लिहिलेले होते. मग नंदगडचे पाहुणे आले: पितळी परात, मोठी, १.

"मोठी म्हंजे केवढी लिहिलीस?" आत्याने विचारले.

माप मी लिहिलेले नव्हते. आत्याने डोळे उघडले, दोन्ही हात पसरले आणि दोन तळव्यांमधले अंतर दाखवत तशीच थांबली. वहिनींनी आतून मोजायची टेप आणली आणि ते मोजून घेतले.