काळी मुसळी अपडेट: पानाच्या टोकाला पिल्लू आलंय!

मंडळी, काळी मुसळी या औषधी कंदवर्गीय झाडाच्या पानाच्या टोकाला पिल्लू, म्हणजे नवं रोप, धरलंय. लांब पान वाकून मातीला टेकलेलं, त्यावर थोडा ओला पालापाचोळा टाकून ठेवला होता, आता टोकाला मुळ्या आणि इवलासा कोंब दोन्ही दिसतायत. जंगलात ती असंही पसरते, पण आपल्या कुंडीत बघायची मजाच वेगळी.

याचं एवढं कौतुक का, तर औषध असतं कंदात, आणि कंद उपटला की ते झाड गेलंच. बाजारातला बराच माल जंगलातूनच खणून येतो. कंदाचे तुकडे करूनही रोपं होतात, दीड-दोन सेंमीचा डोळा असलेला तुकडा घ्यायचा, पण पानावर होत असेल तर कंदाला हात कशाला लावायचा?

बाकी ठीक चाललंय. उन्हाळ्यात पानं वाळून गेलेली, पहिल्या पावसाबरोबर परत फुटली, घड्या पडलेली अगदी ताडाच्या रोपासारखी. जागा झाडाखालची, थेट ऊन नाही, माती भुसभुशीत आणि निचरा चांगला, पाणी साचलं की कंद कुजतो. फुलं सुरू आहेत, पिवळी, सहा पाकळ्यांची, जमिनीला इतकी लागून की पानं बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. गंमत म्हणजे आपण ज्याला देठ समजतो ती फुलाचीच नळी असते, बीजकोश खाली पानांच्या बुडाशी लपलेला, त्यामुळे फळ शोधायला माती जरा उकरावी लागते, आत काळ्या चकचकीत बिया.

हिचा औषधी उपयोग काय, असं काहींनी विचारलं होतं म्हणून सांगतो. आयुर्वेदात ही रसायन आणि वाजीकरण, म्हणजे अशक्तपणा, शुक्रदोष यासाठी, शिवाय मूळव्याध आणि लघवीच्या तक्रारींवरही परंपरेने देतात, चूर्ण बहुतेक दुधातून. चिनी वैद्यकातही हाच कंद आहे, तिथे तो थोडा विषारी मानतात आणि शुद्ध करूनच वापरतात, त्यामुळे घरच्या कुंडीतला कंद स्वतःच्या मनाने खाऊ नका, वैद्यांना विचारा. आणि पांढरी मुसळी हे वेगळंच झाड आहे, पांढऱ्या फुलांचं, कुळही वेगळं, रोप घेताना नुसतं ‘मुसळी’ म्हणून मागू नका.

पिल्लू अजून आईपासून तोडलेलं नाही, स्वतःची दोन-तीन पानं आली की मगच. तोवर दुसऱ्या दोन पानांची टोकंही मातीत दाबून ठेवलीत. कुणी नुसतं कापलेलं पान लावून बघितलंय का? फोटो टाका.