०.९१ नंतरची दुपार

ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली सातपुड्यातील कुटुंबे होळीला हमखास घरी येतात आणि त्यांतील बरीचशी काही दिवसांत पुन्हा निघून जातात. त्यामुळे धडगाव तालुक्यातील पाड्यांवर क्षयरोग शोधमोहिमेचे शिबिर लावायचे, तर ते होळीच्या पाठोपाठच लावावे लागते. मी नंदुरबार जिल्ह्यात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतो. पूर्वी अशा शिबिरात माझ्यासारख्याला काही कामच नसे, कारण एक्स-रे यंत्र रुग्णालयाच्या खोलीत बसवलेले आणि पाडा घाटापलीकडे. आता साडेतीन किलोच्या आसपास वजनाचे, बॅटरीवर चालणारे यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावते. दुसऱ्या पिशवीत डिटेक्टरची पाटी आणि लॅपटॉप घेतला, की जीप जिथे थांबते तिथून पुढे चालत जाता येते.

त्या दिवशी आश्रमशाळेचा एक वर्ग आम्हाला मिळाला होता. यंत्र हातात धरून चालवण्याजोगे असले, तरी मी ते तिपाईवरच लावतो. दिवसभरात शे-सव्वाशे छातीचे फोटो काढायचे असतात, तेव्हा किरण फेकणारे यंत्र स्वतःच्या अंगाजवळ ठेवण्यात काही शहाणपण नाही. अंगात लेड एप्रन, छातीवर अंगाला किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज, समोर माणसे उभी राहणार नाहीत अशी भिंत आणि गरोदर बाई रांगेत आली तर तिला बाजूला घेऊन विचारणाऱ्या आशाताई, एवढी तयारी झाल्यावरच मी बटणाला हात लावतो.

फोटो निघाला, की काही क्षणांत लॅपटॉपवरील संगणकप्रणाली तो वाचते आणि क्षयाचा संशय किती हे सांगणारा, शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा देते. फुप्फुसात जिथे तिला संशय येतो, तो भाग रंगवून दाखवते. तिला इंटरनेट लागत नाही, ही आमच्या भागातील सर्वांत मोठी सोय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत माणसाऐवजी अशा प्रणालीने फोटो वाचण्यास मान्यता दिली. मुळात लक्षणे नसलेल्यांचे फोटो काढायचेच कशाला, असे लोक विचारतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचे उत्तर मिळाले आहे: छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण सर्वेक्षणात विचारलेली लक्षणे त्यांच्यात नव्हतीच.

आमच्या शिबिरासाठी ०.५ ही सीमा ठरलेली होती. आकडा त्याहून वर गेला, की थुंकीची तपासणी. ही सीमा यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो, आणि ती ठरवताना थुंकीच्या तपासणीत दर नमुन्याला लागणाऱ्या चिपा आपल्याजवळ किती आहेत याचाही विचार झालेला असतो. ही गोष्ट बाहेर फारशी कोणी बोलत नाही.

सकाळी एका म्हाताऱ्या बाबांचा आकडा ०.९६ आला आणि वर्गात एकदम गडबड उडाली. मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही बाजूंना वरच्या भागात जुने व्रण, ओढली गेलेली श्वासनलिका, चुन्याचे ठिपके. बाबांना विचारले, तर त्यांनी फार वर्षांपूर्वी क्षयाची पूर्ण औषधे घेतली होती. भरून आलेली जखम आणि चालू जखम यांत प्रणालीची गफलत होते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही बाबांची थुंकी घेतली, आणि ती निर्दोष निघाली.

दुपारी एक पंचविशीची बाई सासूला घेऊन आली. फोटो सासूचा काढायचा होता, कारण खोकला सासूला होता. आशाताईंनी सुनेलाही रांगेत उभे केले. सासूचा आकडा ०.१२ आला, सुनेचा ०.९१. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला रंगीत डाग होता आणि रंग काढून साधा फोटो पाहिला, तरी तिथे कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढुरकी छाया स्पष्ट होती. बाईला खोकला नाही, ताप नाही. ती डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, आणि वजन कमी झाले का या प्रश्नावर हसते, कारण वजनकाटा तिने पाहिला तो थेट बाळंतपणात.

माझे काम खरे तर तिथे संपले होते. पुढचे काम थुंकीचे, आणि नव्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख सहसा येत नाही ते हेच. खोकला नसलेल्या माणसाने बेडका कुठून काढायचा? बाईने डबीत दिले, ते आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ मॅडमनी उजेडाकडे धरून पाहिले आणि परत केले. "ही लाळ आहे, ताई. ही मशीनमध्ये घालून उपयोग नाही." दुसऱ्यांदाही तेच झाले. बाई ओशाळली आणि घरी जायला निघाली. आशाताई तिच्यामागे गेल्या, तिच्याशी पावरी बोलीत बराच वेळ बोलल्या आणि तिला शाळेमागच्या चढावर घेऊन गेल्या. तिथे दोघी भराभर चालल्या. मग आशाताईंनी तिला कमरेवर हात ठेवून दीर्घ श्वास घ्यायला, तो थोडा रोखून धरायला आणि पोटातून खोकायला लावले. तिसऱ्या डबीत पिवळसर, चिकट, चमचाभर बेडका होता. मॅडमनी झाकण लावताना पहिल्यांदा मान डोलावली.

ट्रुनॅटचे यंत्र शाळेच्या कार्यालयात मांडलेले होते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे हे यंत्र बॅटरीवर चालते, वातानुकूलित प्रयोगशाळा मागत नाही, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. नमुना पातळ करायचा, एका यंत्रात त्यातील डीएनए वेगळा काढायचा, त्याचा थेंब चिपवर टाकून ती दुसऱ्या यंत्रात सरकवायची. साधारण तासाभरात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत ते कळते. जंतू होते. नियमानुसार लगेच दुसरी चिप लावली. ती जंतू रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतात का हे सांगते. आणखी तासाभराने पडद्यावर उमटले, की ते दाद देत नाहीत.

वैद्यकीय अधिकारी मॅडमनी लगेच नवा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करायला सांगितली. पूर्वी कधी क्षयाचे औषध न घेतलेल्या रुग्णात असा निकाल आला, की खात्री केल्याशिवाय पुढे जायचे नसते. दुसरा नमुना मिळेपर्यंत आशाताईंनी जे शोधून काढले, ते कोणत्याही प्रणालीला फोटोत दिसले नसते. या बाईचा दीर दोन हंगामांपूर्वी सुरतेकडे तोडीवर असताना आजारी पडला होता. तिथल्या एका दवाखान्यातून त्याने औषधे घेतली, बरे वाटल्यावर सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. तो वारला तेव्हा तो याच घरात राहत होता. सासूला हे सांगायचे नव्हते. मुलगा क्षयाने गेला असे पाड्यात म्हटले, तर दुसऱ्या मुलाला आणि सुनेला जोडीने मिळणाऱ्या तोडीच्या कामाचे काय होईल, ही तिची भीती.

दुसऱ्या चाचणीचाही निकाल तोच आला. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी बाईला समोर बसवून आशाताईंमार्फत सगळे समजावले. काही वर्षांपूर्वी या निदानाचा अर्थ वीस महिन्यांपर्यंतची औषधे असा असायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बीपाल-एम ही पद्धत मंजूर केली. तिच्यात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे साधारण सहा महिने तोंडाने घ्यायची असतात. ती हिला लागू होईल का, हे जिल्हा केंद्रात रक्त, ईसीजी आणि जंतूंच्या पुढच्या चाचण्या झाल्यावर ठरणार होते. बाईचा प्रश्न एकच होता: सहा महिने म्हणजे पुढच्या तोडीच्या आधी संपेल का? मॅडमनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "लगेच सुरू झाले तर संपेल. पण मध्ये एक दिवसही सोडायचे नाही." निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि पोषणाचे दरमहा १००० रुपये यांसाठी बँकेचे पासबुक मागितले, तेव्हा तिने घरी निरोप धाडला.

पासबुक घेऊन नवरा आला, त्याच्यासोबत सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याचा फोटो काढला, आकडा ०.३४. सीमेच्या खाली, म्हणजे यादीत नाही. मुलाचा फोटो प्रणालीला दाखवण्यात अर्थच नव्हता, ती लहान मुलांसाठी नाही. तो मॅडमनी स्वतः डोळ्यांनी वाचला आणि मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. नवऱ्याच्या आकड्यावरून आमच्यात थोडी चर्चा झाली. पर्यवेक्षकांचे म्हणणे, चिपा मोजक्याच उरल्या आहेत, उद्याचा पाडा बाकी आहे, सीमेखालच्यावर एक खर्च का करायची? मॅडम म्हणाल्या, सीमा रस्त्यावरून आलेल्या माणसासाठी आहे. ज्याच्या एकाच छपराखाली दोन रुग्ण झाले, त्याच्यासाठी ती नाही.

त्याची थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. प्रतिबंधक म्हणून त्याला लिव्होफ्लॉक्सासिन देता येईल का, हे बायकोच्या जंतूंवर त्या गटातील औषध चालते की नाही यावर अवलंबून होते, आणि तो अहवाल यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत त्याने तोडीवर परत जाऊ नये असे मॅडमनी सांगितले. त्याने मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा आकडा सांगितला, आणि मॅडम मुकादमाला फोन लावायला, जिथे रेंज येते त्या टेकाडाकडे निघाल्या.